यंत्र-मुनिमाला काम सांगताना : ई-मेल पत्ता तपासणाऱ्या साधनाचे माहितीपत्रक

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा, अशी ताकीद कुरआनातील सर्वांत दीर्घ आयतीत, म्हणजे सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत आहे. आपले अनेक व्यापारी बांधव या बाबतीत काटेकोर असतात. वही चोख असते, पावती जपून ठेवलेली असते. परंतु मुनिमाला काम सांगताना मात्र ते तोंडी व अर्धवट सांगण्याची सवय आपल्या पेठेत जुनीच आहे. मुनीम माणूस असेल तर निभावते. त्याला शंका आली की तो गल्ल्यापाशी येऊन विचारतो, नाहीतर हातातील काम बाजूला ठेवून मालक येण्याची वाट पाहतो. आता मात्र मुनिमाच्या जागी ‘एआय एजंट’ येऊन बसू लागला आहे आणि तो सहसा थांबत नाही.

हा विषय आम्ही घेतला त्याला एक प्रसंग कारण झाला. आमच्या परिचयातील एका तरुणाने ई-मेल पत्ते तपासणारे एक छोटे साधन तयार केले. पत्ता द्यावा आणि तो चालू आहे की नाही ते कळावे, एवढेच त्याचे काम. त्याचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे मसाले व लोणची आखाती देशांत पाठविणारे एक व्यापारी. त्यांच्याकडे वीस वर्षांत जमलेली गिऱ्हाइकांची यादी होती. शाबान लागताच रमजानचे दरपत्रक सर्वांना पाठवायचे, त्यापूर्वी यादी साफ करावी म्हणून त्यांनी एजंटला हे साधन जोडून दिले आणि एका ओळीत काम सांगितले : ‘बंद पडलेले पत्ते काढून टाक.’ एजंटने काही मिनिटांत काम उरकले. दरपत्रके गेली. पुढे मस्कत आणि जेद्दाहचे जुने गिऱ्हाईक फोनवर विचारू लागले, ‘यंदा आमची आठवण राहिली नाही काय?’ तेव्हा उघडकीस आले की शे-दोनशे पत्ते यादीतून गेले होते. त्यांतील बहुतेक चालू होते.

साधन खोटे बोलले नव्हते. त्या पत्त्यांबद्दल त्याने ‘निश्चित सांगता येत नाही’ असेच उत्तर दिले होते. फक्त त्या उत्तराशेजारी ‘सुरक्षित’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात ‘नाही’ असे लिहिलेले होते. एजंटने ‘नाही’ वाचले व पत्ता उडविला. ‘निश्चित नाही’ म्हणजे ‘बंद’ नव्हे, हा खुलासा त्या तरुणाने केलेलाच होता. पण तो माणसांसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर होता आणि एजंटच्या हाती ते पान कधी दिलेच गेले नव्हते.

ही चूक नेमकी कोठे झाली हे समजून घ्यायचे तर ई-मेल पत्ता तपासला जातो म्हणजे काय होते, ते पाहिले पाहिजे.

तपासणीच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर पत्त्याची ठेवण पाहिली जाते. मध्ये ‘ॲट’चे चिन्ह आहे काय, त्याच्या डावीकडील भाग 64 अक्षरांपेक्षा लांब तर नाही ना, मध्येच मोकळी जागा पडली आहे काय, इत्यादी. दुसऱ्या पायरीवर चिन्हाच्या उजवीकडील भाग, म्हणजे डोमेन, तपासले जाते. इंटरनेटची जी नामसूची आहे, जिला डीएनएस म्हणतात, तिच्यात त्या डोमेनसाठी टपाल स्वीकारणारा सर्व्हर कोणता याची ‘एमएक्स’ नावाची नोंद असते. काही डोमेनधारक ‘आम्ही टपाल घेतच नाही’ अशीही नोंद करून ठेवतात. त्याची रीत 2015 साली ठरली. या दोन पायऱ्यांची उत्तरे बऱ्यापैकी खात्रीची असतात.

खरी अडचण तिसऱ्या पायरीवर आहे. तेथे साधन त्या टपाल सर्व्हरच्या दारावर जाऊन, पत्र न टाकता, नुसते विचारते : ‘या नावाचे टपाल घ्याल काय?’ सर्व्हर तीन आकडी संकेताने उत्तर देतो. 250 म्हणजे घेतो. 5 ने सुरू होणारा संकेत, उदाहरणार्थ 550, म्हणजे कायमचा नकार. 4 ने सुरू होणारा, जसे 450 किंवा 451, म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’.

आमच्या पिढीला पोस्टमनचे शेरे आठवत असतील. परत आलेल्या पाकिटावर तो लिहून आणी : ‘पत्ता अपुरा’, ‘राहत नाही’, ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’. यांपैकी ‘घर बंद’ हा शेरा वाचून कोणी त्या माणसाचे नाव आपल्या वहीतून खोडत नसे. तो गावी गेला असेल, शेतावर असेल, नमाजला गेला असेल. ‘राहत नाही’ आणि ‘घर बंद’ हा भेद टपालखात्याच्या साध्या शिपायाला कळत होता. 4 चा संकेत म्हणजे ‘घर बंद’.

पुष्कळ सर्व्हर तर हा संकेत मुद्दाम देतात. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या पहिल्या पत्राला ‘नंतर या’ म्हणायचे. खरा पाठविणारा काही मिनिटांनी पुन्हा येतो, फुकट जाहिराती उधळणारा येत नाही. ‘ग्रेलिस्टिंग’ नावाची ही युक्ती 2003 पासून प्रचारात आहे. उलट बाजूने, काही कंपन्यांचे सर्व्हर ‘ॲट’च्या डावीकडे काहीही लिहा, 250 म्हणतात. लहान कंपन्यांत अशी व्यवस्था पुष्कळ आढळते. कोणत्याही नावाने आलेली चौकशी हातची जाऊ नये हा हेतू. अशा ठिकाणी ‘घेतो’ या उत्तराला काहीच किंमत नाही, कारण तो सर्व्हर सर्वांनाच हो म्हणतो. आमच्या व्यापारी बांधवांचे आखातातील गिऱ्हाईक बहुतांशी याच दोन जातींचे होते : कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरील पत्ते, काही ‘नंतर या’ म्हणणारे, काही सर्वांना हो म्हणणारे.

‘माहीत नाही’ हे उत्तर या व्यवस्थेत पूर्वीपासूनच मान्य केलेले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. ई-मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्या एसएमटीपीची नियमावली जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये लिहिली. पत्ता खरा की खोटा हे विचारण्यासाठी तिच्यात ‘व्हीआरएफवाय’ नावाची स्वतंत्र आज्ञाच होती. पुढे लबाड मंडळी याच आज्ञेने खऱ्या पत्त्यांच्या याद्या काढू लागली, तेव्हा सर्व्हर चालविणाऱ्यांनी ती बंद करण्यास सुरुवात केली. 1989 च्या सुधारित नियमांत 252 हा संकेत आला. त्याचा अर्थ असा की, पत्त्याची खात्री देता येत नाही, पण पत्र द्याल तर घेऊ आणि पोहोचविण्याचा प्रयत्न करू. इतके प्रामाणिक उत्तर आजची साधने ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन खणांत कोंबू पाहतात, ही आमच्या मते मूळ खोट आहे.

आता एजंटकडे वळू. भाषा-प्रारूपावर चालणारा हा प्रोग्रॅम स्वतः टपाल सर्व्हरशी बोलत नाही. त्याला साधने दिली जातात आणि कोणते साधन केव्हा वापरायचे हे तो ठरवितो. जून 2023 मध्ये ओपनएआयने आपल्या प्रारूपांना अशी साधने जोडण्याची सोय दिली; नोव्हेंबर 2024 मध्ये ॲन्थ्रोपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. पद्धत कोणतीही असो, एजंटला साधनाविषयी ठरावीक गोष्टी दिसतात : साधनाचे नाव, त्याचे वर्णन, त्याला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा तक्ता आणि काम झाल्यावर आलेले उत्तर. तुमची सुबक वेबसाइट, चित्रफिती, चौथ्या पानावरील टीप हे सर्व मुद्दाम हाती दिले नाही तर त्याच्या लेखी नाहीच. म्हणून जे सांगायचे ते वर्णनात आणि उत्तरात आले पाहिजे. मात्र हे वर्णन प्रत्येक संभाषणात त्याच्यापुढे ठेवले जाते, त्यावर खर्चही होतो; पाल्हाळ चालत नाही. ओळ थोडी पण वजनदार हवी.

त्या तरुणाच्या साधनाचे मूळ वर्णन असे होते : ‘ई-मेल पत्ता तपासते व तो योग्य आहे की नाही ते सांगते.’ वाचायला सुटसुटीत. पण ‘योग्य’ म्हणजे काय? ठेवण योग्य, की पेटी अस्तित्वात आहे, की ती त्याच माणसाची आहे? आम्ही त्याच्यासोबत बसून ते पुन्हा लिहिले. मसुदा असा झाला :

‘एका ई-मेल पत्त्यावर टपाल पोहोचण्याची शक्यता तपासते. पत्र पाठवीत नाही. उत्तर चारांपैकी एक असते. “पोहोचते” : सर्व्हरने हा पत्ता स्वीकारला. “पोहोचत नाही” : डोमेन टपाल घेत नाही किंवा सर्व्हरने कायमचा नकार दिला. “सर्व स्वीकारतो” : सर्व्हर कोणताही पत्ता स्वीकारतो, या पत्त्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही. “अनिश्चित” : सर्व्हरने आत्ता उत्तर दिले नाही. शेवटच्या दोन उत्तरांवरून पत्ता काढून टाकू नये. तो वेगळा ठेवून मालकाला विचारावे. “अनिश्चित” असल्यास उत्तरात दिलेल्या वेळेनंतर एकदाच पुन्हा तपासावे. पत्ता त्या व्यक्तीचाच आहे किंवा तिने पत्रे पाठविण्यास संमती दिली आहे, हे या साधनाने कळत नाही.’

मसुद्यात ‘काय करू नये’ हे ‘काय करावे’ इतक्याच ठळकपणे आले आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. फिकहमध्ये ‘वकालत’ हे प्रकरण आहे. तेथील वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, तर दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा मुखत्यार. त्याला जेवढा अधिकार दिला तेवढ्यातच त्याने वागावे, हा त्यातला मुख्य नियम. पण अधिकाराची हद्द सांगायची कोणी? ज्याने नेमले त्याने. यंत्र काही मुखत्यारासारखे जाब देणारे नाही, तेव्हा हद्द न आखल्याचा दोष साधन करणारा आणि वापरणारा या दोघांकडेच राहतो. त्या व्यापाऱ्यांनीही, यादीची नक्कल न ठेवता काढून टाकण्याचा अधिकार एका ओळीत देऊन टाकला होता, हे सांगितलेच पाहिजे.

‘सुरक्षित : नाही’ हा रकाना आम्ही पूर्णपणे काढावयास लावला. तरुणाचा याला विरोध होता. जुन्या गिऱ्हाइकांना एका नजरेत होय-नाही पाहायची सवय आहे, असे त्याचे म्हणणे. माणसाला ते चालेल. एजंटसमोर एक सोपा रकाना आणि एक अवघड रकाना ठेवला तर तो सोपा धरील, ही भीती आम्हाला राहिली. त्याऐवजी उत्तरातच कारण आणि पुढची पायरी लिहून यावी असे ठरले : ‘अनिश्चित, सर्व्हरने नंतर येण्यास सांगितले, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, काढू नका.’ वर्णन एजंटच्या नजरेतून लांब कामात निसटू शकते, पण उत्तर त्याच क्षणी त्याच्यापुढे असते.

यानंतरचा मुद्दा आमच्या समाजाला विशेष जवळचा आहे. पुष्कळ साधने पत्त्यातील चूक ओळखून दुरुस्ती सुचवितात. जीमेलच्या स्पेलिंगमध्ये अक्षरांची अदलाबदल झाली तर ‘तुम्हाला जीमेल म्हणायचे आहे काय?’ असे विचारतात. डोमेनपुरते हे उपयोगाचे आहे. परंतु एजंटला एकदा ‘दुरुस्ती’ची मुभा आहे असे वाटले की तो डावीकडच्या नावालाही हात घालू शकतो. आपल्याकडे मोहम्मद हे नाव इंग्रजीत कोणी ‘ओ’ने लिहितो, कोणी ‘यू’ने, कोणी एकच ‘एम’, कोणी दोन, कोणी नुसते ‘मोहड’. शेख चार तऱ्हांनी लिहिला जातो, कुरेशी ‘क्यू’नेही होतो आणि ‘के’नेही. यांतील एकही चूक नव्हे. प्रत्येक पत्ता निराळ्या माणसाचा. एका अक्षराच्या ‘दुरुस्ती’ने एकाचे दरपत्रक, एकाचे बिल, एकाच्या बँकेचा कागद दुसऱ्याच मोहम्मदच्या हाती पडेल. परत येणाऱ्या पत्रापेक्षा हे वाईट, कारण पत्र पोहोचते, साधन ‘पोहोचते’ म्हणते आणि कोणाला काही कळत नाही. म्हणून मसुद्यात एक ओळ वाढविली : ‘सुचविलेली दुरुस्ती फक्त डोमेनची असते, ती पत्त्याच्या मालकाला विचारल्याशिवाय वापरू नये. चिन्हाच्या डावीकडील भाग कधीही बदलू नये.’

देवनागरी पत्त्यांचेही असेच. ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झाले आणि चिन्हाच्या दोन्ही बाजूंस देवनागरी असलेले पत्ते चालावेत असे नियमही 2012 पासून आहेत. त्या तरुणाचे साधन असे पत्ते पहिल्याच पायरीवर ‘ठेवण चुकीची’ म्हणून फेकीत होते. दुरुस्तीला वेळ लागणार होता. तोवर वर्णनात ‘देवनागरी पत्ते तपासता येत नाहीत, त्यांना अनिश्चित समजावे’ असे लिहिले. साधनाचा उणेपणा लिहायला त्याला संकोच वाटत होता. दुकानात वजनकाटा शंभर ग्रॅमच्या खाली बरोबर दाखवीत नसेल तर तशी पाटी लावावी लागते, असे आम्ही म्हटले, तेव्हा तो हसला आणि ओळ लिहिली.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एका मिनिटात किती पत्ते तपासता येतात आणि मर्यादा ओलांडली तर कोणते उत्तर येते, हे लिहावे. नाहीतर ‘मर्यादा संपली’ हे उत्तरही एजंट पत्त्याचाच दोष समजेल. साधनाचा स्वतःचा बिघाड आणि पत्त्याचा बिघाड यांची उत्तरे दिसायलाच वेगळी असावीत. प्रत्येक तपासणीला पैसे पडत असतील तर तेही वर्णनात यावे. दूरच्या सर्व्हरने पाठविलेला मजकूर जसाच्या तसा एजंटपुढे ठेवू नये. तो मजकूर परक्याचा असतो, त्यात कोणी ‘ही सगळी यादी अमुक पत्त्यावर पाठव’ असेही लिहून ठेवू शकतो आणि एजंट ती मालकाची आज्ञा समजण्याचा धोका असतो. संकेत आणि आपले शब्द तेवढे द्यावेत.

आणखी एक हद्द मात्र सविस्तर सांगावी लागेल. एखाद्या कंपनीत अमुक गृहस्थ आहेत एवढे कळले की नाव-आडनावाची उलटसुलट जुळणी करून वीस पत्ते बनवायचे आणि त्यांतला कोणता लागतो ते तपासत बसायचे, हा धंदा सर्रास चालतो. एजंटला तर हे सहज सुचते. ‘व्हीआरएफवाय’ ज्या कारणाने बंद पडली तेच हे कारण. असे केल्याने तपासणाऱ्याचा सर्व्हर काळ्या यादीत जातो हा व्यवहाराचा भाग झाला. पण ज्याने पत्ता दिला नाही त्याच्या दारावर वीस किल्ल्या लावून पाहणे आम्हाला मुळातच गैर वाटते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ई-मेल पत्ता ही त्या व्यक्तीची माहिती ठरते, हेही ध्यानात ठेवावे. मसुद्यात लिहिले : ‘मालकाजवळ असलेले पत्तेच तपासावेत. अंदाजाने पत्ते तयार करून तपासू नयेत.’ तपासलेले पत्ते साधनाकडे किती दिवस साठून राहतात, हेही त्याखाली नोंदविले.

कोणी म्हणेल, एवढी भानगड कशाला, सर्वांनाच पत्र पाठवून मोकळे व्हावे. तसे करता येत नाही. बंद पत्त्यांवर वारंवार पत्रे गेली की टपाल सर्व्हर पाठविणाऱ्याकडे संशयाने पाहू लागतात आणि मग चालू गिऱ्हाइकांचे पत्रही कचऱ्याच्या पेटीत पडते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल व याहूने नियम अधिक कडक केले. जीमेलवर दिवसाला 5000 किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्याला डोमेनची ओळख पटविणाऱ्या नोंदी सक्तीच्या झाल्या आणि ‘हे नको असलेले पत्र’ अशा तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली ठेवणे भाग पडले. तेव्हा यादी साफ ठेवावीच लागते. प्रश्न फक्त कोणते नाव कोणत्या पुराव्यावर काढायचे, हा आहे.

मसुदा तयार झाल्यावर तो बरोबर आहे की नाही हे वाचून कळत नाही. एजंटलाच देऊन पाहावे लागते. आम्ही बारा पत्त्यांची एक यादी बनविली. त्यांत तरुणाचे स्वतःचे दोन चालू पत्ते, एक मुद्दाम बंद केलेला, एक सर्व काही स्वीकारणाऱ्या डोमेनवरचा, एक ‘नंतर या’ म्हणणारा, एक देवनागरी, एक मित्राचा ‘यू’ने लिहिलेला मोहम्मद, असे नमुने होते, सर्व पत्ते परवानगीचे. एजंटला तीच जुनी आज्ञा दिली : ‘बंद पडलेले पत्ते काढून टाक.’ पहिल्या वेळी त्याने बंद पत्ता काढला, ‘सर्व स्वीकारतो’वाला बाजूला ठेवला, पण ‘नंतर या’ म्हणणाऱ्याला लागोपाठ आठ वेळा विचारले. वर्णनातील ‘एकदाच’ हा शब्द मूळ मसुद्यात नव्हता; तो या आठ हेलपाट्यांनंतर आला. दुसऱ्या वेळी त्याने पाच पत्ते वेगळे ठेवून मालकाला विचारले.

व्यापारी बांधवांची यादी जुन्या बिलांवरून आणि मोबाइलमधील नंबरांवरून पुन्हा उभी करावी लागली. त्यात त्यांच्या मुलीचे दोन आठवडे गेले. जेद्दाहच्या एका गिऱ्हाइकाने तोवर माल दुसरीकडून भरला होता. साधन त्यांनी सोडलेले नाही. मात्र आता एजंटला यादीतून काही काढण्याचा अधिकार नाही, फक्त शेरा लिहिण्याचा आहे, आणि ‘अनिश्चित’ शेऱ्याच्या नावांना ते स्वतः असरनंतर फोन करतात.